हवेतला कण मेंदूपर्यंत पोहोचतो तेव्हा

प्रदूषित हवेचा विषय निघाला की आपला हात आपोआप छातीकडे जातो. खोकला, दमा, फुप्फुसाचा कर्करोग आणि फार तर हृदयविकार, एवढ्यावर आपली यादी संपते. मेंदूचे नाव त्यात सहसा येत नाही, कारण कवटीच्या आत बंदोबस्तात ठेवलेल्या या अवयवाचा बाहेरच्या हवेशी काही संबंध असेल हे चटकन पटत नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांतील संशोधनाने मात्र ही समजूत बरीच ढिली केली आहे. स्मृतिभ्रंश, मुलांच्या बौद्धिक वाढीतील संथपणा, नैराश्य, चिंताविकार, इतकेच काय स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मनोविकार यांचाही प्रदूषित हवेशी संबंध असावा, असे दाखवणारे अभ्यास एकामागून एक येत आहेत.

असे अभ्यास वर्तमानपत्रात पोहोचेपर्यंत त्यांचे मथळे होतात, आणि मथळ्यांत एक घोटाळा नेहमी होतो. तीन वेगवेगळे प्रश्न एकाच वाक्यात कोंबले जातात. हवेतले कण, किंवा निदान त्यांचा परिणाम, मेंदूपर्यंत पोहोचतो का, हा पहिला प्रश्न. पोहोचल्यावर तिथल्या पेशींना इजा होते का, हा दुसरा. आणि त्या इजेतून माणसाला आजार जडतो का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर आता बरेचसे पक्के झाले आहे. दुसऱ्याचे उत्तर प्राण्यांच्या बाबतीत स्पष्ट आहे आणि माणसांच्या बाबतीत त्याच दिशेने जाणारे आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र आजारागणिक बदलते: स्मृतिभ्रंशाबाबतचा पुरावा भक्कम होत चालला आहे, तर मनोविकारांबाबतचा पुरावा लक्ष देण्याजोगा असला तरी अजून वादाच्या कक्षेत आहे. हा फरक लक्षात ठेवला, तर या विषयावरील कोणतीही बातमी वाचताना अकारण घाबरण्याची किंवा खांदे उडवून पुढे जाण्याची पाळी येत नाही.

प्रथम कणांविषयी. हवेतील तरंगत्या कणांचे वर्गीकरण त्यांच्या आकारावरून करतात. २.५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना पीएम २.५ म्हणतात. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे या वर्गातला सर्वांत मोठा कणसुद्धा केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढा. त्याच्याही खाली ०.१ मायक्रॉनहून लहान असे अतिसूक्ष्म कण असतात, आणि इंजिनांच्या धुरात त्यांची संख्या प्रचंड असते. कणांसोबत नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड असे वायूही असतात. कणांचे म्हणाल तर ते नुसती धूळ नसतात. काजळीच्या गाभ्यावर धातू, आम्लांचे क्षार आणि अर्धवट जळलेल्या इंधनातील सेंद्रिय रसायने यांचा लेप चढलेला असतो.

आकाराला इतके महत्त्व का, हे साध्या हिशेबाने कळते. २.५ मायक्रॉनच्या एका गोल कणाइतक्याच वस्तुमानातून ०.१ मायक्रॉनचे कण बनवले, तर त्यांची संख्या १५,६२५ होते आणि त्यांच्या पृष्ठभागाचे एकूण क्षेत्रफळ २५ पट वाढते. शरीरातील पेशींशी रासायनिक झटापट होते ती या पृष्ठभागावर. म्हणून वजनाने नगण्य वाटणारा धूर परिणामाने नगण्य असेलच असे नाही. स्वस्थ बसून राहणारा प्रौढ माणूस दिवसभरात सुमारे ११ हजार लिटर, म्हणजे ११ घनमीटर हवा आत घेतो. त्या हवेत प्रत्येक घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल, तर दिवसाकाठी जेमतेम अर्धा मिलिग्रॅम कण श्वासाबरोबर आत जातात, आणि त्यांतलेही काही उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतात. हे वजन साखरेच्या एका दाण्याएवढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. त्याआधी २००५ पासून ही मर्यादा १० होती. जगातील सुमारे ९९ टक्के लोक या मर्यादांपेक्षा जास्त प्रदूषित हवेत श्वास घेतात, असे हीच संघटना सांगते.

आता वाटेविषयी. मेंदूपर्यंत जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता नाकातून जातो, आणि तो जरा निरखून पाहण्यासारखा आहे. नाकाच्या पोकळीच्या अगदी छतावर गंध ओळखणाऱ्या चेतापेशींचा एक छोटासा पट्टा असतो. या पेशींचे एक टोक श्लेष्मात बुडालेले असते आणि तिथे त्यांचा बाहेरच्या हवेशी जवळजवळ थेट सामना होतो. दुसरे टोक चाळणीसारखी बारीक छिद्रे असलेल्या एका पातळ हाडातून वर जाते आणि थेट मेंदूच्या खालच्या बाजूला असलेल्या घ्राणकंदात, म्हणजे गंधाची खबर घेणाऱ्या मेंदूच्या भागात, शिरते. म्हणजे एकाच पेशीचा एक पाय बाहेरच्या जगात आणि दुसरा मेंदूत. कवटीच्या भिंतीला निसर्गाने ठेवलेली ही खिडकीच म्हणायची. पोलिओचा विषाणू या वाटेने मेंदूत शिरू शकतो हे माकडांवरील प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दिसून आले होते. धुराचे कणही ती वाट वापरत असतील का, हा प्रश्न मात्र बराच काळ कोणी गांभीर्याने विचारला नव्हता.

२००४ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातील ग्युंटर ओबरडॉर्स्टर आणि सहकाऱ्यांनी तो विचारला. त्यांनी उंदरांना कार्बन-१३ या निरुपद्रवी समस्थानिकापासून, म्हणजे नेहमीच्या कार्बनहून वेगळा मोजता येणाऱ्या त्याच्या जड प्रकारापासून, बनवलेले अतिसूक्ष्म कण असलेली हवा काही तास श्वासातून दिली आणि नंतरच्या दिवसांत त्यांच्या मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत हा कार्बन मोजला. घ्राणकंदात त्याचे प्रमाण वाढलेले आढळले आणि पुढचे काही दिवस ते वाढतच राहिले. फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत असा फेरा घालून तो आला असता, तर मेंदूत सगळीकडे सारखा पसरला असता. घ्राणकंदात असा सातत्याने साचला नसता.

माणसांतील पुरावा २०१६ मध्ये आला. इंग्लंडमधील लँकॅस्टर विद्यापीठातील बार्बरा माहेर यांच्या गटाने मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूंच्या नमुन्यांत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या एका चुंबकीय ऑक्साइडचे, कण शोधले. मानवी मेंदूत मॅग्नेटाइट असते हे १९९२ पासून माहीत होते, परंतु ते शरीरातच तयार होते असे मानले जाई. शरीरात तयार झालेल्या मॅग्नेटाइटचे स्फटिक कोरीव कडांचे असतात. माहेर यांना सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले त्यात अशा स्फटिकांहून कितीतरी जास्त संख्येने गोल, गुळगुळीत पृष्ठभागाचे, काही ठिकाणी एकमेकांना वितळून चिकटलेले कण होते. तापलेल्या धातूचा थेंब हवेत उडून थंड झाला की त्याला असा आकार येतो, आणि शरीराच्या ३७ अंशांत लोह वितळत नाही. शिवाय त्यांच्यासोबत प्लॅटिनम, निकेल आणि कोबाल्ट यांचेही कण होते. अभ्यासलेल्या व्यक्तींत सर्वांत लहान केवळ ३ वर्षांची होती. या अभ्यासाने कण मेंदूत पोहोचल्याचे दाखवले. त्यांच्यामुळे आजार झाला असे दाखवले नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नातले अंतर ते हेच.

दुसरी वाट फुप्फुसातून जाते. पीएम २.५ मधील बारीक कण श्वासनलिकेतील केसाळ आवरणाला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत जातात, आणि त्यांतील अतिबारीक काही रक्तात उतरतात. तिथून पुढे मात्र मोठा पहारा आहे. पॉल अर्लिक यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. पुढे १९१३ मध्ये एडविन गोल्डमन यांनी तसा रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला तेव्हा उलट झाले: मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की रक्तातील बहुतेक पदार्थ आत येऊच शकत नाहीत. याला रक्त आणि मेंदू यांमधील अडसर म्हणतात. दीर्घकाळ दाह चालू राहिला की ही शिवण सैल होते, असे प्राण्यांत वारंवार दिसले आहे.

आणि तिसरी वाट अशी, की जिच्यात कणाला मेंदूपर्यंत जाण्याची गरजच पडत नाही. माझ्या मते सर्वसामान्य वाचकापर्यंत न पोहोचलेला आणि तरीही कदाचित सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. फुप्फुसात कण साचले की तिथल्या रोगप्रतिकारक पेशी त्यांना गिळायचा प्रयत्न करतात आणि धोक्याची सूचना म्हणून सायटोकाइन नावाची प्रथिने रक्तात सोडतात. ही प्रथिने मेंदूच्या रक्तवाहिन्यांना जाणवतात, शिवाय व्हेगस या लांबलचक नसेतूनही तीच खबर मेंदूला मिळते. आपल्याला ताप येतो तेव्हा भूक मरते, कशातच रस वाटत नाही, माणसे नकोशी होतात आणि अंथरुणात पडून राहावेसे वाटते. हे जंतूंनी केलेले नसते, सायटोकाइनची खबर मिळाल्यावर मेंदूने स्वतःच वागणे बदललेले असते. ही लक्षणे नैराश्याच्या लक्षणांशी किती जुळतात हे वेगळे सांगायला नको. ताप दोन दिवसांत उतरतो. पण हलका दाह वर्षानुवर्षे चालू राहिला तर काय होत असेल, ही शंका प्रदूषण आणि मनःस्थिती यांच्या संबंधाच्या मुळाशी आहे.

मेंदूच्या आत या सगळ्याची झळ कोणाला लागते? मायक्रोग्लिया नावाच्या पेशी मेंदूच्या राखणदार आहेत. कचरा उचलणे, निकामी जोडण्या छाटणे, जखम झाली तर धावून जाणे ही त्यांची कामे. सतत डिवचले गेल्यावर त्या चवताळलेल्या अवस्थेतच राहतात आणि जी रसायने त्यांनी जंतूंवर सोडायची ती शेजारच्या निरोगी चेतापेशींना बाधू लागतात. त्यात मेंदूची आणखी एक नाजूक बाजू अशी, की शरीराच्या वजनाच्या अवघ्या २ टक्के असलेला हा अवयव शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वापरतो. जिथे इतका प्राणवायू जळतो तिथे पेशींना गंजवणारे क्रियाशील रेणूही भरपूर तयार होतात, आणि लोहासारखे धातू त्या गंजण्याला हातभार लावतात. प्रदूषणाने रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात आणि रक्तदाब वाढतो, तो वेगळाच हिशेब. पक्षाघाताचा धोका वाढवणाऱ्या घटकांत प्रदूषित हवेची गणना आता निर्विवादपणे होते, आणि मेंदूत झालेले छोटे छोटे रक्तपुरवठ्याचे अपघात पुढे स्मृतिभ्रंशाकडे नेतात.

हवेतून येणारे काही मेंदूला बाधू शकते यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण एकदा हे सिद्ध होऊन चुकले आहे. १९२१ मध्ये थॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले की इंजिनाची खटखट थांबते असे आढळले, आणि पुढची कित्येक दशके जगभरच्या मोटारींनी शिसे हवेत ओतले. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे गळालेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणीतील कामगिरी आणि वर्गातील एकाग्रता कमी आढळली. त्यांपैकी कोणातही शिशाच्या विषबाधेची उघड लक्षणे नव्हती. नीडलमन यांच्यावर टीका झाली, चौकश्या झाल्या, पण निष्कर्ष टिकला. शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता आणि तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली. शंभर वर्षे लागली. आजच्या पुराव्याकडे बघताना हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण तेव्हाही प्रत्येक मुलामागे होणारे नुकसान इतके थोडे होते की कोणत्याही डॉक्टरला एका मुलाकडे बघून ते ओळखता आले नसते.

स्मृतिभ्रंशाकडे वळू. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात ओंटारियो प्रांतातील सुमारे ६६ लाख प्रौढांची २००१ ते २०१२ या काळातील माहिती तपासली गेली. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत, ३०० मीटरहून दूर राहणाऱ्यांच्या तुलनेत, स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याचे प्रमाण ७ टक्क्यांनी अधिक होते. ५० ते १०० मीटरच्या पट्ट्यात ते ४ टक्क्यांवर आले आणि त्याही पुढे २०० मीटरपर्यंत २ टक्क्यांवर. पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या दोन आजारांशी मात्र असा संबंध दिसला नाही. आकडे लहान आहेत, तरी दोन गोष्टी त्यांना वजन देतात. अंतर वाढेल तसा परिणाम पायरी पायरीने कमी होतो, आणि तो सरसकट सगळ्या मेंदूविकारांत दिसत नाही.

असे बरेच अभ्यास साचल्यावर ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत हवेच्या प्रदूषणाचा समावेश केला, आणि यादी ९ वरून १२ वर गेली. २०२४ मध्ये ती १४ वर पोहोचली; या चौदाही गोष्टी नाहीशा करता आल्या तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात प्रदूषणाचा वाटा सुमारे ३ टक्के धरला आहे. कमी वाटतो, पण बाकीच्या कारणांपैकी श्रवणदोष, रक्तदाब, धूम्रपान यांवर माणूस स्वतःहून काही करू शकतो. हवा मात्र कोणी एकटा बदलू शकत नाही.

मेंदूचे दुसरे नाजूक वय म्हणजे बालपण. मुले वजनाच्या मानाने जास्त हवा घेतात, आणि त्यांच्या मेंदूतील जोडण्या अजून विणल्या जात असतात. बार्सिलोनातील ३९ शाळांतल्या ७ ते १० वर्षे वयाच्या २,७१५ मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजलेली गोष्ट होती कार्यकारी स्मृती, म्हणजे तोंडी हिशेब करताना हातचा लक्षात ठेवण्याची शक्ती. वर्षभरात ती कमी प्रदूषित शाळांतील मुलांत ११.५ टक्क्यांनी वाढली, तर जास्त प्रदूषित शाळांतील मुलांत ७.४ टक्क्यांनी. कोणतेही मूल मागे गेले नाही, सगळी पुढेच गेली. पण काहींची चाल मंदावली.

आता मनोविकारांकडे, जिथे पाऊल जपून टाकायला हवे. नैराश्याबद्दलचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा दीर्घकाळच्या पीएम २.५ मध्ये दर १० मायक्रोग्रॅम वाढीमागे नैराश्याची शक्यता साधारण १० टक्क्यांनी वाढते असे निघाले. ब्रिटनमधील ३,८९,१८५ व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ मधील अभ्यासातही अनेक प्रदूषकांचा एकत्रित विचार केल्यावर नैराश्य आणि चिंताविकार या दोहोंशी संबंध दिसला, आणि वाढीची रेषा कमी प्रदूषणाच्या पातळीवरच अधिक चढी होती. याचा अर्थ, अमुक एका पातळीखाली हवा निर्धोक, असे म्हणण्याची सोय राहत नाही.

मनोभ्रमाच्या अनुभवांविषयीचा अभ्यास मला अधिक रोचक वाटतो. शहरांत वाढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण जास्त असते हे अनेक दशकांपासून माहीत आहे, पण शहरातील नेमके काय, हे कोडे सुटलेले नव्हते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या सुमारे २ हजार जुळ्या मुलांच्या अभ्यासात १२ ते १८ या वयात आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे वाटणे, असे अनुभव आले का हे विचारले गेले. साधारण ३० टक्के मुलांनी एखादा तरी अनुभव सांगितला. हे अनुभव म्हणजे आजार नव्हे, बहुतेकांत ते विरून जातात. जिथे नायट्रोजनची ऑक्साइडे जास्त, तिथे हे अनुभव जास्त होते. शहरी वस्ती आणि असे अनुभव यांच्यातील संबंधाचा सुमारे ६० टक्के भाग केवळ या वायूंनी समजावून देता येत होता. तरीही याच संशोधकांनी वाहतुकीचा आवाज हा दुसरा संशयित असू शकतो असे नमूद केले आहे. जिथे धूर तिथे गोंगाट, आणि गोंगाटाने झोप मोडते. मोडलेली झोप मनाला काय करते हे सांगायला संशोधक लागत नाही.

त्याच वर्षी आलेल्या आणखी एका मोठ्या अभ्यासाची कहाणी विज्ञान कसे चालते हे दाखवणारी आहे. आतिफ खान, आंद्रे रझेत्स्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १५ कोटी १० लाख लोकांच्या विमा नोंदी आणि डेन्मार्कमधील १४ लाख लोकांच्या आरोग्य नोंदी तपासल्या. दोन्हीकडे प्रदूषणाचा मनोविकारांशी, विशेषतः बायपोलर विकाराशी (ज्यात अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येतात), संबंध दिसला. डेन्मार्कमध्ये वयाच्या पहिल्या १० वर्षांतील हवा खराब असेल तर स्किझोफ्रेनियाचे प्रमाणही बरेच वाढलेले होते. नियतकालिकाच्या संपादकांनी हा लेख छापलाच, पण त्यासोबत स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन इओॲनिडिस यांचा कडक टीकालेखही छापला. अमेरिकेतील हवेचे आकडे व्यक्तिगणिक नव्हते, संपूर्ण काउंटीची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाची, एकच सरासरी घेतली होती, आणि एवढ्या प्रचंड नोंदींत क्षुल्लक चूकही संबंध म्हणून दिसू शकते, हा त्यांच्या आक्षेपांचा रोख होता. आक्षेप रास्त होते. मथळ्यांत अर्थातच फक्त १५ कोटींचा आकडा आला.

हा सगळा खटाटोप इतका अवघड का आहे? एक तर, महामार्गालगतचे घर स्वस्त असते. तिथे राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला धुराबरोबर कमी उत्पन्न, अस्थिर नोकरी, अपुरी झोप, झाडांचा अभाव हे सारे येते आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट मनाला पोखरू शकते. दुसरे म्हणजे, दिशा उलटीही असू शकते: गंभीर मनोविकार जडलेल्या माणसाची कमाई घटते आणि तो स्वस्त, म्हणजे बहुधा अधिक प्रदूषित, वस्तीत सरकतो. तिसरी अडचण मोजमापाची. पत्त्यावरून ठरवलेली हवा आणि दिवसभर प्रत्यक्ष घेतलेली हवा यांत खूप फरक असतो. चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासातले कण रस्त्यावरच्या यंत्राला दिसणारच नाहीत. आणि मेंदूचे आजार दशकानुदशके शिजत असतात, त्यामुळे आजच्या हवेवरून आजच्या आजाराचा हिशेब मांडणे म्हणजे आजच्या पावसावरून विहिरीची खोली ठरवण्यासारखे आहे.

यातून वाट काढण्याच्या काही चांगल्या युक्त्या संशोधकांनी शोधल्या आहेत. एकात माणसाची तुलना त्याच्याशीच करतात. मनोविकारासाठी तातडीच्या विभागात आलेल्या व्यक्तीच्या त्या दिवशीच्या हवेची तुलना, तीच व्यक्ती ज्या इतर दिवशी आली नाही त्या दिवसांच्या हवेशी केली, की गरिबी, आनुवंशिकता, स्वभाव हे सगळे आपोआप वजा होते, कारण माणूस तोच असतो. दुसरी युक्ती प्रयोगाची. कॅनडामध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २५ निरोगी प्रौढांना एकदा दोन तास डिझेलचा सौम्य केलेला धूर आणि दुसऱ्या वेळी गाळलेली स्वच्छ हवा दिली, आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले. आपण काही विशेष न करता स्वस्थ बसलेलो असताना, आठवणींत किंवा विचारांत गुंतलेलो असताना मेंदूचे जे भाग एका तालात काम करतात, त्यांच्यातील मेळ धुरानंतर कमी झालेला दिसला, स्वच्छ हवेनंतर तसे झाले नाही. दोन तासांच्या बदलावरून आजाराचे भाकीत करता येत नाही हे खरे. पण इथे गरिबी नव्हती, गोंगाट नव्हता, फक्त धूर होता.

तिसरी युक्ती सर्वांत पटणारी आहे. हवा सुधारली तर मेंदूचे आरोग्य सुधारते का ते पाहायचे. अमेरिकेतील ७४ ते ९२ वर्षे वयाच्या सुमारे २,२०० स्त्रियांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या भागातील पीएम २.५ आणि नायट्रोजन डायऑक्साइड दहा वर्षांत अधिक घटले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. त्या वेळी या स्त्रियांनी सत्तरी ओलांडलेली होती, म्हणजे उशिरा झालेली सुधारणाही वाया गेली नाही.

एकेका माणसाला या सगळ्याचा अर्थ काय, हे विचारणे साहजिक आहे. एखाद्या रुग्णाला नैराश्य आले ते हवेमुळेच, असे कोणताही मनोविकारतज्ज्ञ सांगू शकणार नाही. आनुवंशिकता, बालपणातील आघात, व्यसन, एकटेपणा यांचे वजन व्यक्तीच्या पातळीवर पुष्कळ जास्त आहे, आणि उपचार चालू असलेल्या कोणी हवाबदल हाच उपाय मानून औषध किंवा समुपदेशन सोडणे धोक्याचे ठरेल. परंतु आघात काहींच्याच वाट्याला येतात आणि श्वास सगळेच घेतात. १०० माणसांपैकी १० जणांना होणारा आजार धोका १० टक्क्यांनी वाढल्यावर ११ जणांना होतो. शंभरांत तो अकरावा कोण हे कधीच कळत नाही, पण एक कोटीच्या लोकसंख्येत तो आकडा एक लाख होतो.

स्वतःपुरते काय करता येते, तेही सांगतो, कारण त्यातल्या मर्यादा क्वचितच सांगितल्या जातात. रस्त्यालगतचे प्रदूषण अंतराबरोबर झपाट्याने घटते, त्यामुळे चालण्या-पळण्यासाठी मुख्य रस्त्याऐवजी एखादी आतली वाट निवडली तरी फरक पडतो. चेहऱ्यावर नीट बसणारा एन ९५ मुखपट्टा ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो. कापडी रुमाल त्या मानाने फारच कमी अडवतो. हेपा गाळणी (हवेतील बारीक कण अडवणारी दाट गाळणी) असलेले यंत्र खोलीच्या आकाराला पुरेसे असेल आणि खिडक्या बंद असतील तरच उपयोगी, आणि घरातच उदबत्ती, सिगारेट किंवा धूर करणारी चूल पेटत असेल तर त्याची दमछाक होते. यांपैकी मुखपट्टा आणि हेपा ही दोन्ही साधने कण अडवतात, वायू अडवत नाहीत. मुलांमधील मनोभ्रमाच्या अनुभवांशी ज्यांचा संबंध सर्वांत ठळकपणे दिसला, ती नायट्रोजनची ऑक्साइडे वायूच आहेत. ती इंजिनातून बाहेर पडण्याआधीच रोखावी लागतात.